बहुचराजीच्या अंगणांत

बडोद्याच्या माझ्या मावशीच्या घरीं मुलांचें जावळ बहुचराजीस काढण्याची चाल तीन पिढ्यांची आहे. गेल्या चैत्रांत तिच्या पणतवाचें जावळ निघालें, तेव्हां मंडळींच्या सोबतीस मीहि गेलों. मेहसाण्यापर्यंत आगगाडी व पुढें मोटार. दोहों बाजूंस सपाट, धुळकट मुलूख. मावशी वाटेंत फारशी बोलली नाहीं.

देवस्थान मोठें आहे, आणि मराठी माणसास त्याविषयीं आपलेपणा वाटावा असें कारणहि आहे. येथील दगडी मंदिर मानाजीराव गायकवाडांनीं अठराव्या शतकांत बांधविलें. देवीच्या कृपेनें त्यांचें असाध्य दुखणें बरें झालें, असें सांगतात. गाभाऱ्यांत मूर्तीऐवजीं बालायंत्राची पूजा होते. आवारांत वरखडीचें झाड आहे, तें देवीचें मूळ स्थान. तिचें वाहन कोंबडा.

पण या क्षेत्राचें वैशिष्ट्य म्हणजे देवीचे पावैये. देह पुरुषाचा लाभलेला असतां मनानें स्त्री असलेल्या या भक्तांची ती परमदेवता. गुजराथेंत त्यांस आदरानें ‘माशीबा’, म्हणजे मावशी, म्हणतात. देवीच्या दोन कथा आहेत. एकींत चारण कन्या बहुचरेवर बापिया नांवाचा लुटारू चालून येतो, ती देह ठेवते आणि तिच्या शापानें तो षंढ होतो. स्त्रीवेषानें सेवा केल्यावरच त्याची मुक्तता होते. दुसरी येथील मानसरोवराची. राजपुत्र म्हणून वाढविलेली, राजकन्येशीं लग्नहि लावून दिलेली सोळंकी राजाची मुलगी त्यांत स्नान करते आणि पुरुष होऊन बाहेर येते. एका कथेंत शाप, दुसरींत प्रसाद! मला दुसरी अधिक आवडते. तींत देवी कोणाला दोष देत नाहीं; मन आणि देह यांची गांठ तेवढी घालून देते.

जावळ झाल्यावर मुलाला एका वृद्ध माशीबांच्या पायांवर घातलें. त्यांनीं त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, तेव्हां आमच्या सोंवळ्याच्या सुनांनींहि पदर पसरले. मला जरा चमत्कारिक वाटलें. विराटपर्वांतली बृहन्नडा आपण कौतुकानें ऐकतों, दारीं आलेल्या माशीबांचा आशीर्वाद घेतों; त्यांस घरांत पाट मात्र कधीं मांडीत नाहीं. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली. घरांतले कायदे निराळे असतात.

मावशीनें दक्षिणा दिली, पण ती उठेना. गुजराथींत हळूच विचारलें, “तुमची आई आहे का?”

“होती, बा. दिवाळीला जात असें. अंधार पडल्यावर जायचें आणि उजाडण्यापूर्वीं निघायचें. ती मागचें दार उघडें ठेवीत असे.”

मावशीनें मान खालीं घातली. तिचा धाकटा मुलगा सोळा वर्षांपूर्वीं घर सोडून गेला. ‘असाच राहणार असशील तर हा उंबरठा पुन्हां ओलांडूं नकोस,’ असें काकांनीं त्याला बजावलें, तेव्हां मी माजघरांतच उभा होतों. मी एक शब्दहि बोललों नाहीं. पुढें त्याचें एक पत्र आल्याचें कानावर होतें. त्याचें काय झालें हें कोणीं विचारलें नाहीं. काका जाऊनहि आतां चार वर्षें झालीं.

मेहसाण्यास गाडीला दीड तासाचा अवकाश होता. मुलें फलाटावर खेळत होतीं. मावशी मजजवळ येऊन बसली व म्हणाली, “अरे, एक पत्र लिहून दे. माझा हात कांपतो.”

मीं वहींतला कागद फाडला, ‘चि.’ लिहिलें आणि थांबलों. पुढें कोणतें नांव घालावें? बारशाला ठेवलेलें, ज्यानें आम्ही सारे हांक मारीत होतों, तें माझ्या लेखणीच्या टोंकाशीं आलें होतें.

“तें नको,” मावशी म्हणाली. “तिनें पत्रांत जें लिहिलें होतें तें घाल.”

तिनें कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खालीं चार घड्या केलेलें एक पाकीट होतें. घड्यांवर फाटलेलें, पण पाठीवरचा पत्ता अजून वाचतां येत होता.