भिंतीचा शेजार

रस्त्यावरच्या चित्राला दार नसतं, वेळा नसतात, तिकीट नसतं. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे. तिथलं चित्र आपल्यासाठी थांबून राहतं. बाहेरचं चित्र आपल्याला थांबू देत नाही. बसच्या खिडकीतून एखादा रंगवलेला डोळा दिसतो आणि तो कुणाचा हे कळायच्या आत बस पुढच्या थांब्याला लागते. पायी जावं तर कुलाबा आणि वांद्रं एका सकाळीत बसत नाहीत. म्हणून मुंबईची भित्तिचित्रं बघायला मी सायकल काढतो, तीही रविवारी, उजाडता उजाडता. त्या वेळी हे शहर सायकलवाल्यालाही रस्त्याची एक कड देतं.

सुरुवात ससून डॉकपासून करावी. 1875 सालची ही गोदी. पहाटेचा लिलाव उरकत आलेला असतो. बर्फाचा चुरा, कोळंबीच्या ढिगांभोवती फतकल मारून बसलेल्या बायका, डोक्यावर पाट्या घेऊन ओरडत वाट काढणारी माणसं. ओल्या फरशीवर सायकल हातात धरूनच चालावं लागतं. 2017 च्या अखेरीस स्टार्ट इंडिया या संस्थेनं इथल्या गोदामांत आणि भिंतींवर कलेचा उत्सव मांडला. मासळीच्या वासामुळे ज्यांनी या फाटकाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, अशीही माणसं आत आली. भिंतींवर इथल्याच माणसांचे मोठाले कृष्णधवल चेहरे चिकटवले होते. कागदच तो, खाऱ्या वाऱ्यापुढे किती तग धरणार? पण कोळणीचा चेहरा भिंतीवर आणि कोळणीचे हात त्याच भिंतीखाली कामात, हा योग कुठल्या दालनात जुळून आला नसता.

फोर्टातून जाताना मान वर करून चालवावं, रस्ता रिकामा असेल तरच. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी 1930 च्या दशकात घडवलेली माणसं आहेत, आपापल्या कामात गुंतलेली. विम्याच्या कचेरीवर कष्टकऱ्यांना एवढं उंच स्थान मिळालं आहे, आणि खालून रोज हजारो लोक खाली माना घालून जातात. थोडं उत्तरेला, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर लॉकवुड किपलिंग यांनी कोरलेली शिल्पं त्याहूनही जुनी. बाजार 1869 चा. साध्या माणसाला भिंतीवर चढवण्याची या शहराची रीत अशी जुनीच आहे. दगडाचं बरं असतं, तो राहतो. रंगाला मात्र दर पावसाळ्यात परीक्षा द्यावी लागते.

चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी गांधीजी रंगवले आहेत, भडक रंगांचे तुकडे जोडत जोडत. नोटेवर पाहून पाहून सवयीचा झालेला तो चेहरा इथे एकदम अनोळखी होतो आणि म्हणूनच नीट पाहिला जातो. कामाच्या दिवशी मात्र नऊ-पाचाच्या गर्दीत वर बघायला कुणाला सवड नसते. रविवारी कबुतरं आणि आपण.

तिथून मरीन ड्राइव्ह, गिरगाव, महालक्ष्मी करत लोअर परळ गाठलं की तुळशी पाइप रोड लागतो. कागदोपत्री तो सेनापती बापट मार्ग, पण तुळशी तलावाचं पाणी आणणाऱ्या नळानं दिलेलं नाव लोकांच्या तोंडून गेलं नाही. पश्चिम रेल्वेच्या कडेची इथली लांबच लांब भिंत म्हणजे पानाच्या पिचकाऱ्या, पोस्टरं आणि लघुशंका यांची हक्काची जागा. 2009 च्या ऑगस्टमध्ये ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकारानं आणि महापालिकेच्या परवानगीनं शेकडो नागरिक ब्रश घेऊन इथे उतरले. त्यात चित्रकार होते, विद्यार्थी होते, आयुष्यात कधी ब्रश न धरलेलेही होते. माहीमपासून दादरपर्यंत ज्याला जेवढा तुकडा मिळाला, तेवढा त्यानं रंगवला. त्या उत्साहात फार मोठी कला नव्हती आणि तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. भिंत आपली आहे असं वाटण्यातला आनंद होता.

पुढे त्या आनंदाचे पापुद्रे निघत गेले. रंग उडाले, त्यावर क्लासच्या जाहिराती आल्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, मग पुन्हा रंग, पुन्हा पोस्टर. सायकलवरून हळूहळू जाताना या थरांचा हिशेब लागतो. एके ठिकाणी गिलावा पडून खालचा निळा उघडा पडलेला, त्यावर अर्धवट अक्षरं. वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. या भिंतीच्या एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला धावता रस्ता. सकाळी उठून दार उघडल्यावर ही भिंत जिच्या समोर येते अशी एकही खिडकी बऱ्याच अंतरापर्यंत नाही. शेकडो हातांनी रंगवलेली भिंत, पण तिला शेजार नाही.

माहीमनंतर सी लिंकवर सायकलला मज्जाव आहे, त्यामुळे आपण आपोआप जुन्या वाटेला लागतो. माहीमची खाडी ओलांडणारा कॉजवे 1840 च्या दशकात बांधला गेला तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रुपयांतून, आणि त्यांची अट होती की या रस्त्यावर पथकर घेऊ नये. पावणेदोनशे वर्षांनंतरही सायकलवाला फुकटात वांद्र्याला पोचतो, ही त्या बाईंची कृपा. भरतीच्या वेळी खाडीवरचा वारा समोरून येतो आणि पायांना त्याची किंमत मोजावी लागते, तेवढंच.

वांद्र्यात हिल रोड सोडून चॅपल रोडला वळलं की सायकलही आपोआप मंदावते. हे रणवार, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. यांच्या घरांतून मराठीचीच एक बोली चालत आली आहे. उतरती कौलं, लाकडी सज्जे, नाक्यावर क्रूस आणि त्यावर ताज्या झेंडूचा हार. या गल्ल्यांमध्ये रणजीत दहिया यांनी 2012 साली ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. हरयाणातला हा तरुण एके काळी घरांना चुना लावायची कामं करत होता. नंतर चंदीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या एनआयडीत शिकला. त्यानं पहिल्यांदा रंगवलं ते 1953 च्या ‘अनारकली’चं पोस्टर. 2020 मध्ये इरफान खान गेले, तेव्हा वरोडा रोडवरच्या एका भिंतीवर त्यांचा चेहरा उमटला. ते डोळे अरुंद गल्लीत समोरून येतात. सायकल भिंतीला टेकवली तरी आपण त्यांच्यापासून चार हातांवरच असतो.

इथली भिंत कुणाच्या तरी घराची असते, हा खरा फरक. आधी घरमालकाला विचारावं लागतं, मग परांची बांधायची. चित्र पुरं होईपर्यंत घरातून चहा येतो, सूचनाही येतात. एकदा मी एका दारासमोर फोटो काढत रेंगाळलो होतो. आतून एक आजी बाहेर आल्या. “काढ बाबा फोटो, पण पायरीवरून सरक. मासळीवाली यायचीय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्या चित्रावर पहिला हक्क कुणाचा हे त्यात स्पष्ट होतं. अशा भिंतीवर पिचकारी मारायला माणूस कचरतो, कारण खिडकीतून कुणीतरी बघत असतं. अर्थात हा शेजारही कायमचा नाही. जुनी घरं पुनर्विकासात जातात आणि घराबरोबर चित्रही जातं. 

रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 साली दादासाहेब फाळके रंगवले गेले. फाळके स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण त्यांनी दादरला केलं. बाबुराव पेंटर तर पडदे रंगवता रंगवताच सिनेमात आले आणि एम. एफ. हुसेन यांनी तरुणपणी सिनेमाची होर्डिंगं रंगवली. मराठी मुलखात ब्रश आणि सिनेमा असे हातात हात घालून वाढले. नंतर फ्लेक्स आला आणि पेंटरची शिडी कोपऱ्यात गेली. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांची अक्षरं तरी जपावीत म्हणून स्टार्ट इंडियाचे एक संस्थापक हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा उपक्रम चालवला. 2024 मध्ये ते गेले. ते पाटीवाले पेंटर एक गोष्ट विसरत नसत: पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत स्वतःचं नाव.

परतीच्या वाटेवर हे नावच मला जागोजाग दिसेनासं होतं. स्वच्छतेच्या मोहिमांत अलीकडे उड्डाणपुलांचे खांब रंगवले जातात: वाघ, झाडं, वारली माणसं, एखादं घोषवाक्य. खाली मोठ्या अक्षरांत ज्यांच्या निधीतून काम झालं त्यांचं नाव आणि फोटो. रंगवणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नसतं. मग दोन पावसाळ्यांत ते चित्र उडालं तर विचारायचं कुणाला आणि हळहळायचं कुणासाठी?

शहर रंगवायला निघालेल्यांनी निविदेत दोन अटी घालाव्यात. भिंतीसमोर राहणाऱ्यांना आधी विचारा आणि चित्राखाली चित्रकाराचं नाव व साल लिहा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, वीतभर जागा लागते. आणि वाचकहो, तुम्हीही पुढच्या रविवारी तुमच्या गावात सायकल बाहेर काढा. चित्राचा फोटो काढाल तेव्हा कोपऱ्यातलं नाव चौकटीत येऊ द्या. नाव नसेल तर समोरच्या दुकानदाराला विचारून घ्या. त्याला ते बहुधा माहीत असतं.