चालू संगणक, बंद संकेतस्थळे

जुन्या संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा संगणक बिघडलेला नसतो. कळफलक चालतो, प्रिंट निघते, टॅलीतले जुने हिशेब उघडतात, श्रीलिपीत टाइप केलेली पत्रे जशीच्या तशी दिसतात. अडते ते फक्त बाहेरच्या जगाशी बोलताना. सातारा-सांगलीकडच्या पतसंस्था, दूध संस्था, शाळांची कार्यालये, कर सल्लागारांच्या खोल्या आणि झेरॉक्सची दुकाने यांचा कारभार वर्षानुवर्षे विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ वर चालत आला. एक्सपीला कंपनीकडून मिळणारी दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. यंत्रे मात्र त्या तारखांना बंद पडली नाहीत, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

पान पडद्यावर येण्याआधी ब्राउझर आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यात क्षणभराची बोलणी होतात. मजकूर कोणत्या पद्धतीने कुलूपबंद करून पाठवायचा, हे त्यात ठरते. या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, नंतरच्या २००६, २००८ आणि २०१८ च्या. पहिल्या दोन कमकुवत ठरल्या आणि २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी त्या सोडून दिल्या. बँका आणि पैसे भरण्याची संकेतस्थळे यांनी तर त्याआधीच त्यांना दार बंद करायला सुरुवात केली होती. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला त्यातली फक्त पहिलीच येत होती. चार आण्याचे नाणे जून २०११ अखेर चलनातून बाद झाले, तेव्हा नाण्याचा धातू बदलला नव्हता, घेणारा उरला नव्हता. इथेही तसेच झाले. पडद्यावर मात्र एवढेच दिसते की पान दाखवता येत नाही. माणूस नेट गेले असे समजतो, राउटर बंद-चालू करतो, केबलवाल्याला फोन लावतो.

दुसरी अडचण प्रमाणपत्रांची. समोरचे संकेतस्थळ खरे आहे की नाही, हे ब्राउझर एका डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखतो आणि त्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या संस्थांची यादी संगणकात आधीपासून साठवलेली असते. ही यादीही जुनी होते. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. त्या दिवसापासून अद्ययावत न केलेल्या कित्येक यंत्रांवर काल उघडणारी पाने आज उघडेनाशी झाली.

याच वर्गातले एक दुखणे अगदी किरकोळ असते आणि वेळ सर्वांत जास्त खाते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. वीज नसतानाही संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो उतरतो. मग सकाळी बटण दाबले की संगणकाच्या लेखी २००२ किंवा २००९ सालचा जानेवारी उजाडतो. प्रमाणपत्र असते चालू वर्षाचे. ब्राउझरच्या हिशेबाने ते अजून जन्मालाच आलेले नसते, म्हणून बँकेपासून ईमेलपर्यंत प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित ठरते. दुकानदार विंडोज नव्याने टाकून घेतो, फॉरमॅट मारतो, पैसे मोजतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूचना येते. खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली असती तर थोड्या पैशांच्या सेलवर काम भागले असते. जुन्या यंत्राची तक्रार आली की आधी तारीख पाहावी, हा नियम दुरुस्तीच्या दुकानात पाटीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

पान उघडले तरी सगळे सुरळीत होतेच असे नाही. आजचे संकेतस्थळ हे कागद कमी आणि कार्यक्रम जास्त असते, आणि तो कार्यक्रम जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला असतो. २०१५ मध्ये ही भाषा मोठ्या प्रमाणावर बदलली. जुन्या ब्राउझरला नवी वाक्ये कळत नाहीत, त्यामुळे ती वाक्ये असलेली अख्खी स्क्रिप्ट तो मुकाट्याने सोडून देतो. परिणामी अर्ज दिसतो, नाव-गाव भरता येते, पण तालुक्याची यादी खाली उघडत नाही, किंवा शेवटचे बटण दाबले तरी ढिम्म हलत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलाला हे शेवटच्या पायरीवर कळते, तेही मुदतीच्या शेवटच्या दिवशी. उघड नकार यापेक्षा बरा. अर्थात सर्व्हरवर गर्दी झाली की कोरा करकरीत संगणकही असाच अडकतो, तेव्हा दर वेळी जुन्या डब्यालाच दोष देणे बरोबर नाही.

सरकारी कामांत याच्या उलटही घडत आले. इंटरनेट एक्सप्लोररवर आणि १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर पान उत्तम दिसेल, अशी सूचना अनेक भारतीय सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी कितीतरी वर्षे होती. डिजिटल सही करण्यासाठी ब्राउझरच्या आत जावाचा एक छोटा कार्यक्रम चालवावा लागे. क्रोमने ही सोय सप्टेंबर २०१५ मध्ये काढली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. ई-निविदा भरणाऱ्यांनी मग एक संगणक अपडेट न करता तसाच राखून ठेवला, कारण नवा ब्राउझर आला की तो डिजिटल सही साठवलेले यूएसबी टोकन ओळखेना. बँकेच्या कामाला नवे यंत्र, निविदेच्या कामाला जुने, अशी टेबलाची वाटणीच झाली. इंटरनेट एक्सप्लोरर स्वतः १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. जुन्या यंत्राला चिकटून राहणे हा दर वेळी वापरणाऱ्याचा आळस नसतो.

मराठीचा प्रश्न त्यातून वेगळा. मराठी दैनिकांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांना आपापले फॉन्ट लागत. फॉन्ट नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोड आल्यावर हा घोळ मिटायला हवा होता, पण एक्सपीमध्ये देवनागरीची जुळणी आपोआप सुरू नसे. नियंत्रण पटलात जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. असेंबल करून घेतलेल्या यंत्राची मूळ सीडी कुणाकडे असणार? ती खूण नसली की ‘शिक्षण’ मधली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन पडे आणि ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘ष’ उरे. सातारा जिल्ह्यातल्या वाईला बसून तयार झालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर आल्या, तरी अशा संगणकावर त्या वाचणे म्हणजे शिक्षाच.

जुने होत जाणाऱ्या संगणकाचे या भागातले सर्वांत बोलके उदाहरण वारणा खोऱ्यातले आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प उभा केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी गावोगावी संगणक केंद्रे आली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी सेवा असे पुष्कळ काही त्यांतून मिळावे, ही कल्पना होती. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यतः वारणेच्या साखर कारखान्याच्या कामाला लागली : उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन, बिलाची माहिती. दरम्यान यंत्रे जुनी झाली, आणि सांभाळायचा खर्च वाढत गेला. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे एक वेगळा प्रयोग केला. सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून त्याच माहितीची कारखान्याशी देवघेव केली. काम भागले. ब्राउझर नाही, रंगीत पडदा नाही, आणि शेतकऱ्याला हवा असलेला आकडा हातात. सेवा जितकी साधी ठेवावी तितकी ती अधिक वर्षे आणि अधिक यंत्रांवर चालते, हे वारणेत दिसले. पुढे बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरवली.

घरच्या किंवा दुकानातल्या यंत्रापुरते उपाय मर्यादित आहेत. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ अनेक धडधाकट संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर रॅम वाढवून, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालून लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकली तर ते आणखी काही वर्षे निभावते, मात्र प्रोसेसर ६४-बिट असायला हवा. त्याहून जुन्या पेंटियमवर जीव टाकण्यात अर्थ नाही. त्यावर जुने हिशेब ठेवावेत, नेटची तार काढून टाकावी. सुरक्षेची सूचना आली की ‘तरीही पुढे जा’ दाबायचे, हा सायबर कॅफेत सर्रास मिळणारा सल्ला बँकेच्या व्यवहारात कधीही पाळू नये.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि सर्वांना वापरता येईल असे संकेतस्थळ असावे, हाच त्यांचा गाभा आहे. त्याची परीक्षा मुंबई-पुण्याच्या कार्यालयातल्या नव्या लॅपटॉपवर होत नाही. कोणतीही नवी सरकारी सेवा सुरू करण्याआधी जत किंवा पाटण तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात बसून, तिथल्याच संगणकावर, तिथल्याच नेटवर एक अर्ज पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरून पाहावा. तो भरला गेला नाही, तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकलावी.