हुरड्याच्या रानातले क्रिकेट

हुरडा पार्टीतले क्रिकेट शेतातल्या मोकळ्या तुकड्यावर, बहुधा खळ्याच्या जागी, खेळले जाते. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी उभी असते, त्यामुळे मैदानाची हद्द पीकच ठरवते. नियमातली 22 यार्डांची खेळपट्टी इथे लागत नाही. पंधरा-सोळा पावले पुरतात. स्टंप म्हणून विटांची चवड किंवा तेलाचा रिकामा डबा. चेंडू थेट ज्वारीत गेला की फलंदाज बाद, हा नियम सहसा शेतमालक घालतो आणि सगळ्या नियमांत तो सर्वांत शहाणा आहे. चेंडू शोधायला एकानेच ओळींमधून जावे. दहा जण घुसले तर ताटे मोडतात.

चेंडू टेनिसचा असतो. त्याचे वजन 56 ते 59.4 ग्रॅम, म्हणजे सुमारे 160 ग्रॅमच्या लेदर चेंडूचा साधारण तिसरा हिस्सा. लहान मुले आणि आजोबा एकाच मैदानात उभे राहू शकतात ते या फरकामुळे. गोलंदाजी अंडरआर्म. 1 फेब्रुवारी 1981 रोजी मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असताना, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून त्याचा भाऊ ट्रेव्हर चॅपेल याने चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला, तेव्हापासून ही पद्धत बदनाम झाली. रानात मात्र तिच्याइतकी न्याय्य गोलंदाजी दुसरी नाही. फक्त सरपटी चेंडू नो-बॉल धरावा.

संघ ‘गडी फोडून’ होतात. साधारण सारख्या ताकदीचे दोघे जोडी जमवून येतात आणि कर्णधार त्यांतला एक निवडतो. संख्या विषम असेल तर उरलेला गडी ‘कॉमन’, तो दोन्हीकडून खेळतो. पहिला चेंडू ट्राय बॉल. एक टप्पा पडलेला झेल एका हाताने घेतला तरी बाद. चार-पाच वर्षांचे मूल ‘लिंबू-टिंबू’: त्याला बाद करत नाहीत, त्याच्या धावा मोजत नाहीत, पण बॅट त्याच्या हातात देतात. घरच्या क्रिकेटमधला हा सर्वांत मायाळू नियम.

याच नियमाचा काच घरातल्या बायकांना बसतो. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रस्तुत लेखिकेच्या घरी मध्यरात्री फटाके वाजले. त्याच हिवाळ्यातल्या हुरडा पार्टीत घरातल्या बायका आणि मोठ्या मुली सकाळभर ज्वारीच्या कडेला क्षेत्ररक्षणासाठी उभ्या होत्या. फलंदाजीच्या क्रमात त्यांची नावे सर्व पुरुषांनंतर आणि मुलग्यांनंतर. पहिला डाव त्यांची पाळी येण्याआधीच जिंकून झाला. दुसऱ्या डावात दोन गडी बाद व्हायचे उरले असताना आगटी पेटली आणि कणसे चोळायला हाक आली. ती हाक फक्त बायकांना होती. लेखिकेने पाळी मागितली, तेव्हा मामांनी हसत एक षटक देऊ केले. पहिल्याच चेंडूवर डबा वाजला. ‘खेळ गं, तुला आउट नाही,’ असे मामा म्हणाले, आणि पुढच्या पाच चेंडूंत निघालेल्या धावा कोणी मोजल्या नाहीत. शाळेच्या संघातून खेळलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला लिंबू-टिंबू केले गेले. पाळी न मिळणे एक वेळ सोसता येते. बाद होण्याचा हक्क काढून घेणे सोसत नाही. मामांच्या मनात माया होती हे खरे, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडताही आले नाही. महिलांचा पहिला विश्वचषक 1973 साली, पुरुषांच्या दोन वर्षे आधी झाला, हे त्या रानात सांगूनही काही उपयोग नव्हता.

यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियात रुजलेल्या इनडोअर क्रिकेटमध्ये आठ जणांचा संघ जोड्याजोड्यांनी फलंदाजी करतो. प्रत्येक जोडीला चार षटके मिळतात. गडी बाद झाला तर पाच धावा वजा होतात, पण तो खेळत राहतो. रानात जोडीला दोन षटके पुष्कळ. चौदा माणसांच्या सात जोड्या, म्हणजे चौदा षटके; अंडरआर्म गोलंदाजीत ती तासाभरात आटोपतात. संघ न पाडता प्रत्येक जोडीचा हिशेब वेगळा ठेवता येतो, त्यामुळे सातवी जोडीही उरत नाही. पाळीचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरवावा, कर्णधारावर सोडू नये. यात बाद होण्याची शिक्षाही खरी आणि खेळायला मिळणेही खरे, म्हणून मग लिंबू-टिंबूची गरजच उरत नाही असे वाटू लागते. तरीही चार वर्षांच्या पोराच्या खात्यातून पाच धावा कापाव्यात, असे लेखिकेलाही म्हणवत नाही. त्या वयापुरता तो नियम राहू द्यावा. सामना आगटी पेटण्याआधी संपवावा, आणि कणसे चोळायला खेळलेल्या सगळ्यांनी बसावे.