अप्रीतीचा गुन्हा

चंद्रपूर
दिवाळीनंतरचा रविवार

चि. मुक्ता हिस,


गडचिरोलीच्या कोर्टात तुझं काम सुरू झालं आणि यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या, पहिल्याच फायलीत तू ‘डिसअफेक्शन’ या शब्दापाशी अडलीस. ‘मामा, असंतोषच म्हणायचं आहे तर सरळ तसं का म्हणत नाहीत?’ हा तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत संपणारा नव्हता, म्हणून सवडीनं लिहितो आहे.

अफेक्शन म्हणजे माया, जिव्हाळा. तो नसणं म्हणजे डिसअफेक्शन. 17व्या शतकापासून इंग्लंडात राजाविषयी मन विटलेल्या माणसांसाठी हा शब्द चालत आला. जुन्या इंग्रजीत शरीराच्या बिघाडालाही हाच शब्द होता, हे विशेष लक्षात ठेव. राजावर माया असणं ही प्रजेची निरोगी अवस्था आणि माया आटली की प्रजाच आजारी, असा समज त्यात मुरलेला आहे. आजारी माणसाला निदान ‘काय होतंय?’ एवढं तरी विचारतात. हिंदुस्थानात हा शब्द कायद्यात आला तेव्हा तेवढंही उरलं नाही. मेकॉलेच्या 1837च्या मसुद्यात असलेलं राजद्रोहाचं कलम 1860च्या दंड संहितेतून गळालं होतं. 1870 साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफननं ते परत आणलं, तेच 124-अ. आपल्या मराठी कायद्याच्या पुस्तकात त्या शब्दासाठी ‘अप्रीती’ छापलेलं तू पाहिलंच असशील.

या शब्दाची खरी परीक्षा झाली ती एका मराठी माणसावर. 1897 साली ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांवर मुंबई हायकोर्टात खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की, डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव. सरकारविषयी नावड, तिरस्कार, वैर, कसलीही वाईट भावना त्यात आली. सहा युरोपीय ज्युरर एका बाजूला, तीन हिंदी ज्युरर दुसऱ्या बाजूला. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी कलमात दुरुस्ती करून बेइमानी आणि वैरभावना अप्रीतीत मोडतात, असा खुलासा जोडला गेला. 1908 साली दुसरा खटला, सहा वर्षांची शिक्षा आणि मंडाले. 1916 साली तिसऱ्यांदा, या वेळी जामीनकीचं प्रकरण. टिळकांच्या बाजूनं जीना उभे होते. तेव्हा न्यायमूर्ती बॅचलर यांनी सांगितलं की, हा शब्द दिसायला नकारार्थी असला तरी नुसतं प्रेम नसणं म्हणजे अप्रीती नव्हे. टिळक त्यातून सुटले, पण ही समज यायला एकोणीस वर्षं आणि मंडालेचा तुरुंग लागला. मधल्या काळात, 1910 साली, इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलनं टिळकांना हिंदी असंतोषाचा जनक ठरवलं. त्यानं दूषण म्हणून दिलेलं ते नाव आपण मराठी लोकांनी मानाचं करून टाकलं. ‘अप्रीतीचा जनक’ मात्र कुणी कुणाला म्हटलं नाही. कारण असंतोषाला कारण लागतं, आणि ते कारण लोकांना ठाऊक होतं.

मला तुला सांगायचं आहे ते हेच. घरात आलेल्या नव्या सुनेचा चेहरा उतरलेला दिसला की तिलाच बोल लावायचा, तिला काय सोसावं लागतं ते विचारायचं नाही, अशी जुन्या घरांतली रीत होती. या कायद्यानं रयतेला तसंच वागवलं.

आपल्या चांद्याकडे, म्हणजे या चंद्रपूरकडेच, बघ. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तेव्हा 124-अ जन्मालाही आलं नव्हतं. नागपूरचं राज्य खालसा होऊन चार वर्षं झाली होती. 1942 साली नागपंचमीच्या दिवशी, 16 ऑगस्टला, चिमूरला गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, चिडलेल्या जमावानं अधिकाऱ्यांना मारलं आणि मग लष्कर गावात शिरलं. बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींना 63 दिवस उपोषण करावं लागलं. त्याआधीच, त्याच ऑगस्टात, तुकडोजी महाराजांना चांद्यात अटक करून नागपूर-रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं होतं. लोक का पेटले हे बाजूला राहिलं आणि त्यांना पेटवलं कुणी, याचा शोध चालला.

जंगलातल्या माणसाची नाराजी तर कधीच हवेतली नव्हती. ती निस्ताराची होती. सरपणाची, घराच्या लाकडाची, बांबूची, मोहफुलाची, गुरांच्या चराईची. लेखा-मेंढ्याचंच घे. धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं गाव. 2006च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी दावा केला आणि 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज होता, 1927च्या वन कायद्यात तो झाड होता. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी हेका सोडला नाही. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या गावात आपणच सरकार, असं ते गाव कधीपासून म्हणत होतं. शब्द पकडून बसणाऱ्या एखाद्यानं यातही अप्रीती शोधली असती. गावाला फक्त आपला बांबू हवा होता.

आता आजची स्थिती. 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं 124-अ कायम ठेवलं, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच, अशी त्याला मर्यादा घातली. मे 2022 मध्ये कोर्टानं त्याचा वापर थांबवला. 1 जुलै 2024 पासून दंड संहिताच गेली आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या 152व्या कलमात अप्रीती नाही. शब्द मात्र मेला नाही. 1967च्या यूएपीएत, बेकायदा कृत्याच्या व्याख्येत, तो जसाच्या तसा आहे, आणि त्या कायद्याखाली जामीन मिळणं किती कठीण आहे हे तुला मी सांगायला नको. ज्या देशानं हा शब्द घडवला त्या इंग्लंडनं राजद्रोहाचा गुन्हा 2009च्या कायद्यानं पुस्तकातून काढला.

गडचिरोलीत बंदुकांनी किती घरं उजाडली हे आपण पाहिलं आहे. पोलिसांची, गावकऱ्यांची, दोन्हीकडची. माणूस मारणं हा गुन्हाच, आणि त्यासाठी वेगळी कलमं आहेत. पण भाषण केलं, पत्रक वाटलं, खाणीला विरोध केला म्हणून कुणाच्या मनात माया किती आहे हे मोजायला कोर्टानं बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून एक मागणं. आरोपपत्रात हा शब्द दिसला की आधी त्या माणसाच्या गावी जा. जमिनीचा दावा कुठे पडून आहे, ग्रामसभेनं कोणता ठराव केला, अर्जाला उत्तर आलं की नाही, ते कागद गोळा कर आणि न्यायाधीशांसमोर ठेव. त्यांना ते वाचावेच लागतील इतक्या नीट लावून ठेव.

तुझा,
मामा