उतरलेले कॉम्प्युटर आणि लिनक्सचा सवाल

वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी एका कार्यालयाने काढून टाकलेले पाच कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, तेव्हा पहिला विरोध आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने केला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, आणि तुम्ही अजून दुसऱ्याचे उतरलेले दारात आणता? हा सवाल भावनिक म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही.

आमचे म्हणणे असे की उष्ट्याबरोबर देणाऱ्याची सत्ता येते. ती सत्ता नव्याकोऱ्या वस्तूबरोबरही येऊ शकते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. म्हणजे धडधाकट चालणारे मशीनसुद्धा कंपनीच्या एका तारखेने म्हातारे ठरते. आमच्या पाचांवर तर विंडोज ७ होते, त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपलेला. मशीन म्हातारे झाले हे ठरवणार कोण, हा खरा मुद्दा आहे.

नाक्यावरचा दुकानदार पाचशे रुपयांत चोरीची विंडोज टाकून द्यायला तयार होता. आमच्या पोरांनाही त्यात गैर वाटत नव्हते. कंपनीचे नुकसान होते म्हणून आम्ही नको म्हटले नाही, त्यांचे ते बघतील. पण वाचायची, बदलायची आणि दुसऱ्याला वाटायची मुभा देणारी लिनक्स उघड उपलब्ध असताना चोरासारखे वागायचे कशाला?

लिनक्स एक नाही, शेकडो आहेत. चार मशीन ६४ बिटचे, दोन जीबी रॅमचे होते. एक जुने पेंटियम फोर, ३२ बिटचे, एक जीबीचे. इथेच निम्मी नावे गळाली, कारण उबुंटूसकट बहुतेकांनी ३२ बिट सोडून दिले आहे. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती देखणी, पण ती स्वतःच चार जीबीची शिफारस करते. शेवटी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले (इन्स्टॉल न करता असे पाहता येते, हे फार लोकांना माहीत नसते) आणि चौघांपैकी तिघांवर लुबुंटू, पेंटियमवर अँटीएक्स टाकले. अँटीएक्सवाले स्वतःला जाहीरपणे फॅसिझमविरोधी म्हणवतात. आमच्या तरुणांना त्याचेच जास्त कौतुक! आम्हाला मात्र ते अर्धा जीबी रॅमवरही चालते याचे कौतुक आहे.

एक खुलासा करायला हवा. सिस्टीम हलकी केली म्हणून इंटरनेट हलके होत नाही. ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की एक जीबी तोच खातो. म्हणून स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ आधी उतरवून ठेवायचे, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पीडीएफमध्ये हार्ड डिस्कवर ठेवायचे, आणि ब्राउझर लागेल तेव्हाच उघडायचा, असा नियम केला.

पाचव्या मशीनवर विंडोज तशीच ठेवली, फक्त इंटरनेट तोडले. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना वर्डच हवे असते. तत्त्वासाठी त्यांचे वर्ष घालवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आता लिनक्सच्या पुरोगामी भक्तांशी दोन शब्द. 'सगळ्यांसाठी खुले' म्हटले की तुमचे काम संपते. चवदार तळेही १९२३ च्या बोले ठरावाने आणि पुढे महाड नगरपालिकेच्या ठरावाने कागदावर खुले होतेच, पाणी प्यायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला. इथे कोणी काठी घेऊन उभा नाही, हे मान्य. पण सगळी मदत इंग्रजीत, आणि साधा प्रश्न विचारणाऱ्याला 'आधी वाचून या' असे उत्तर. ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याने कुठे वाचून यायचे?

मराठी टायपिंगचे तसे बरे आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच, लोहित फॉन्ट फुकट मिळतो. आम्ही 'वऱ्हाड', 'दऱ्या' असे शब्द टाइप करून पाहिले, नीट उमटले. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सचे मेनूही मराठीत करता येतात. पण ती मराठी वाचून आमची पोरे दोन दिवसांत पुन्हा इंग्रजी मेनूवर गेली. एक जण म्हणाला, "दादा, ही पोथीतली भाषा आहे." शब्द कोण निवडतो तशी भाषा होते. लिब्रेऑफिसच्या अनुवादात कोणीही स्वयंसेवक म्हणून सामील होऊ शकतो, तिथे पदवी विचारत नाहीत आणि जातही नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या दोघी सध्या वहीत यादी करत आहेत: डाव्या बाजूला मेनूतला शब्द, उजव्या बाजूला आपल्या घरात काय म्हणतात तो. आतापर्यंत चाळीस झाले. 'सेव्ह'साठी 'जपून ठेवा' की नुसते 'ठेवा', यावर भांडण चालू आहे.