बारा की नऊ?

लहानपणी पतंग निवडायचं काम बाबांचं असायचं. संक्रांतीच्या आठवड्यात भंडाऱ्याला आमच्या गच्चीवर लहानमोठे पतंग भिंतीला टेकवून ठेवलेले असत, आणि मी चक्री धरून सगळ्यात मोठ्यासाठी हट्ट करायचो. बाबा आधी अंगणातल्या निंबाकडे बघायचे. नुसती पानं हलत असली तर मोठा पतंग. बारक्या फांद्या हलायला लागल्या की मोठा गुपचूप आत आणि छोटा बाहेर. मला तो शुद्ध कंजूषपणा वाटायचा. मोठा पतंग फाटेल म्हणून देत नाहीत, दुसरं काय!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या फेब्रुवारीत मी उत्तर गोव्यात अश्वेच्या किनाऱ्यावर काईटसर्फिंग शिकायला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पायात बोर्ड, कमरेला हार्नेस, हार्नेसमध्ये अडकवलेला एक दांडा (त्याला बार म्हणतात), बारपासून वीस-चोवीस मीटर लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला हवा भरलेला एक अवाढव्य पतंग. तो ओढतो, तुम्ही पाण्यावरून पळता. निदान व्हिडिओत तरी असंच दिसतं :)

पहिल्याच दिवशी प्रश्न येतो साईजचा. काईट चौरस मीटरमध्ये मोजतात. सात, नऊ, बारा, चौदा. माझ्यासारखा इंजिनियर माणूस जायच्या आधी आठवडाभर नेटवर बसून फॉर्म्युला शोधणार हे आलंच. तो असा आहे : तुमचं किलोतलं वजन भागिले वाऱ्याचा नॉटमधला वेग, गुणिले २.२. माझं वजन ७८. म्हणजे १२ नॉट वाऱ्याला (ताशी साधारण २२ किलोमीटर) उत्तर येतं १४.३. १५ नॉटला ११.४. २० नॉटला ८.६. झालं, एक्सेल शीट तयार.

आता या शीटमध्ये काय नव्हतं ते सांगतो.

एक म्हणजे, हा फॉर्म्युला ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी आहे. शिकाऊ माणसाने त्याहून एक साईज लहान घ्यायचा आणि वारा कमी पडला तर काईट न वाढवता बोर्ड मोठा घ्यायचा. मोठा बोर्ड कमी ओढीतही तुम्हाला पाण्यावर उचलून धरतो. चुकलात तर बोर्ड फार तर पायातून निसटेल. मोठा काईट तुम्हाला घेऊन जाईल.

दुसरं म्हणजे, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. अकरावीच्या फिजिक्समधली गोष्ट, पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही. १३ नॉटचा वारा १८ झाला तर आपल्याला वाटतं, पाचच तर वाढला. पण अठराचा वर्ग ३२४ आणि तेराचा १६९. ओढ जवळजवळ दुप्पट.

आणि तिसरं, वारा म्हणजे कॉन्स्टंट नव्हे. अश्वेला सकाळी समुद्र अगदी शांत असतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. दोन वाजता बरोबर असलेला साईज चार वाजता चूक असू शकतो.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. तिसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला १३ नॉट होते. मला बारा मीटरचा काईट आणि दारासारखा रुंद बोर्ड दिला. तासाभराच्या धडपडीनंतर मी चक्क चार सेकंद उभा राहिलो! चार सेकंदांत माणसाचा किती माज वाढतो ते विचारू नका. तेवढ्यात पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या. किनाऱ्यावरून इन्स्ट्रक्टरने हात हलवला, बाहेर ये, नऊचा लावू. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. अजून एकदाच, म्हटलं. बारावर उभं राहता आलं होतं, आता नऊवर जायचं म्हणजे नापास होऊन खालच्या वर्गात बसल्यासारखं वाटत होतं.

मग झोत आला. काईट डोक्यावर होता, तो घाबरून मीच एका बाजूला झुकवला. तिथून तो सरळ खाली, वाऱ्याच्या ऐन तोंडात आला. त्या पट्ट्याला पॉवर झोन म्हणतात. मी पाण्यातून उचलला गेलो आणि तोंडावर आपटलो. अशा वेळी हात काय करतात? बार घट्ट धरून छातीशी ओढतात. आणि बार ओढला की काईट अजून जोरात ओढतो. खरं करायचं असतं उलटंच : बार सोडून द्यायचा. तो सोडला की काईटची ओढ लगेच उतरते. हे मला तीन दिवसांत पन्नास वेळा सांगितलेलं होतं. तरी मी ओढतच राहिलो, आणि तीसेक मीटर पाणी पीत पीत किनाऱ्याच्या दिशेने गेलो. शेवटी कसाबसा हात सेफ्टीपर्यंत पोचला, ती खेचली आणि काईट मेल्यासारखा पाण्यावर पडला. गुडघा सोलला, गॉगल गेला. पुढे उथळ पाणी होतं आणि त्यापुढे वाळूवर माणसं. याहून जास्त सांगायला नको.

अर्ध्या तासाने नऊचा घेऊन परत गेलो. खरं सांगायचं तर पाय थरथरत होते. आणि त्याच नऊवर मी पहिल्यांदा सलग पन्नास-साठ मीटर गेलो. ओढ अंगावर येत नव्हती म्हणून डोकं चालत होतं, आणि डोकं चालत होतं म्हणून बार धरायचा कसा ते हाताला कळत होतं. योग्य साईज म्हणजे जो जास्तीत जास्त ओढेल तो नव्हे. चूक झाली तरी विचार करायला वेळ देईल तो.

इथेच गोष्ट संपली असती. पण एप्रिलमध्ये पवनीहून चुलतभावाचा फोन आला. फोटो बघून साहेब पेटले होते. "दादा, चौदा मीटरचा भेटून राहिला, सेकंडहँड, एकदम स्वस्तात. घेऊन टाकू का? गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर उडवू. तू तर शिकून आला ना!"

कल्पना काय वाईट नाही. वैनगंगेवर धरणाने केवढं पाणी पसरलंय, आणि तेही घराजवळ. मलाही क्षणभर मोह झाला. मग हिशोब केला. पठ्ठ्याचं वजन ६०. चौदाचा काईट त्याला साडेनऊ नॉटच्या आसपासच ठीक. १९ नॉटचा एक झोत आला की ओढ चौपट. आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चार वाजेपर्यंत पान हलत नाही आणि साडेचारला वादळ. समुद्रावरून येणारा वारा सलग असतो, आपल्याकडचा झाडांवरून, टेकड्यांवरून झटके देत येतो. पाण्याखाली बुडालेली गावं, शेतं, झाडं. काठाने विजेच्या तारा. रेस्क्यू बोट नाही. आणि शिकवणारा कोण, तर तीन दिवस शिकलेला मी. त्याला सरळ नाही म्हटलं. तो चिडला. पंधरा दिवस बोलला नाही. मोठा भाऊ जळतो असं त्याचं मत झालं. मला पटलं, कारण बाबांविषयी माझंही तेच मत होतं.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा सोबत अडीच मीटरचा ट्रेनर काईट नेला. हा जमिनीवर उभं राहून उडवायचा, शिकायची खरी सुरुवात यानेच होते. भावाने बघितला आणि तोंड वाकडं केलं. "एवढुसा?" संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो, बाबाही आले. बाबांनी आल्या आल्या कडेच्या झाडांकडे बघितलं आणि मान हलवली, चालेल म्हणून. भावाने बार धरला, एवढुशाने त्याला दहा पावलं पळवलं आणि धपकन खाली बसवलं. तरी तो बार छातीशी ओढून बसलेला.

मी काही बोलणार तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "कायले ओढून राहिला बे? ढील दे ना!"

चौदाचा घेतला नाही त्याने. यंदा हिवाळ्यात गोव्याला यायचं म्हणतोय, आधी वजनकाट्यावर उभा राहून.