साडेचारशे मीटर

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालं आणि आमच्या हिवरखेडच्या बसस्टँडवरही त्याचीच चर्चा रंगली. मामांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. रात्रभराचा रेल्वेप्रवास त्यांच्या पाठीला झेपत नव्हता, म्हणून विमानाची तिकिटं काढली.

अडगाव, अकोट, दर्यापूर, अमरावती आणि पुढे यवतमाळ रस्त्यावर बेलोरा. शंभराहून जास्त किलोमीटर! विमान पावणेदोन तासांत मुंबईला उतरवतं. आम्हाला विमानापर्यंत पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागला. दर्यापूरच्या पुढे तर मामांना बसवेना. गाडी बाजूला घेऊन त्यांना बाभळीखाली थोडं चालवलं, पाठीमागे उशी नीट लावली, मग पुन्हा निघालो.

एटीआर जातीचं छोटं विमान, दोन्ही बाजूंना सहा-सहा पात्यांचे पंखे. त्याचं दार शेपटीकडे असतं आणि पंख खिडकीच्या वर, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. मामा खिडकीशी बसले. चाकं पोटात गेलेली त्यांनी पाहिली, मग कपाशीची काळी-हिरवी वावरं. विमान पश्चिमेला वळलं. बेलोरा ते मुंबई सरळ रेघ ओढली तर ती अकोल्याच्या थोडी दक्षिणेकडूनच जाते. मी तसं सांगितल्यावर मामा म्हणाले, "मंग आपन अमरावतीले कायले गेलो होतो?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. अकोल्याचं शिवणी विमानतळ आम्हाला साठ-सत्तर किलोमीटरवर. शिवणी ते बेलोरा हवाई अंतरही सत्तरेक किलोमीटरच; एटीआर ताशी पाचशेच्या आसपास वेगानं जातं, म्हणजे आठ-नऊ मिनिटांचं काम. पण शिवणीला असं विमान उतरत नाही. तिथली धावपट्टी १४०० मीटरची. बेलोऱ्याचीही पूर्वी १३७२ मीटरच होती. ती १८५० मीटर केली, तेव्हा मुंबईचं विमान आलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि भरलेल्या विमानाला धावायला जागा जास्त लागते. म्हणून शिवणीला बेलोऱ्यापेक्षा कमी असलेले हे साडेचारशे मीटर कागदावर वाटतात तेवढे किरकोळ नाहीत.

दोन विमानतळांमधलं अंतर मोजून आमच्यासारख्या गावांना काही कळत नाही. घराच्या उंबऱ्यापासून धावपट्टीपर्यंत किती वेळ लागतो, ते मोजायला हवं. तेल्हारा, अकोट, बाळापूर, पातूर या तालुक्यांतल्या आजारी माणसांसाठी शिवणीच जवळचं आहे. विस्ताराला लागणाऱ्या जमिनीचा विषय वर्षानुवर्षं चालला आहे. शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन आहे. तिथलं संशोधन आम्हा शेतकऱ्यांच्याच कामाचं, त्याची पर्यायी सोय आधी व्हावी. पण धावपट्टी वाढलीच पाहिजे. अकोला जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेनं तसा ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा, ही कळकळीची विनंती.